क्रमांक सातचं कापड

१२ जानेवारी

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

काल दुपारी पायरीवर ऊन खात बसलो होतो आणि पासष्ट वर्षांपूर्वीचा एक आवाज कानात उमटला. बाबा रानात कुदळ मारायचे तेव्हा जमिनीतून ‘धुप्प’ असा दबका आवाज यायचा, एखाद्या लठ्ठ माणसानं दमून गादीवर अंग टाकावं तसा. पुढं मी नोकरीला लागलो, रान दुसऱ्यांनी कसलं. निवृत्त होऊन पुन्हा रानाकडे वळलो तेव्हा त्याच जमिनीवर कुदळ पडली की पत्र्याच्या डब्यावर पडल्यासारखी ठणठणायची. शाळेच्या पुस्तकातल्या कवितांमध्ये माती मात्र नेहमी मऊच असते. कवींनी कुदळ हातात धरलेली नसते, दुसरं काय!

हे फोनवर सांगता आलं असतं, पण माझ्या कानातलं यंत्र आणि फोन यांचं सासू-सुनेसारखं आहे. एक बोलला की दुसरा किंचाळतो. म्हणून पत्र.

आता कामाचं. तुमच्या कृषी खात्याची ती जिवंत मातीची योजना आमच्याकडे सुरू होऊन तीन वर्षं झाली. बारा शेतं निवडली आहेत, त्यात आपलं सातवं. फवारणी नाही, काडीकचरा जाळायचा नाही, जमीन उघडी ठेवायची नाही. मी नुसता कागदोपत्री मालक. सगळं करते ती वाटेकरीण, भिंगरी. तुला आठवत असेल, सुट्टीत तू यायचीस तेव्हा झाडावरून खाली उतरायलाच तयार नसलेली ती पोरगी. माझ्याच वर्गात होती. कवितेची एक ओळ पाठ होईल तर शपथ, पण कोणत्या बांधाखाली किती गांडुळं आहेत ते झोपेतून उठवून विचारावं. नवरा मालमोटार चालवतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. सगळं गाव त्याला ड्रायव्हर म्हणतं.

तीन वर्षं ती टोपल्यांनी पालापाचोळा आणून रानात पसरते आहे. चौकात फवारणीच्या बाटल्या विकणारा औषधवाला येता-जाता तिला टोमणा मारतो, “काय भिंगरे, आज किती गाद्या घातल्यास जमिनीला? एखादी उशी पण दे की!” मलाही सोडत नाही. “गुरुजी, तुमच्या रानात गहू कमी आणि कविता जास्त उगवायला लागल्यात.”

गेल्या आठवड्यात तुमचा माणूस आला. बारा जणांना पांढऱ्या सुती कापडाचा एकेक चौकोन दिला, वीतभर रुंद, कोपऱ्यात शाईनं आकडा. सह्या घेतल्या. हे वीतभर खोल पुरायचं आणि साठ दिवसांनी काढून जमा करायचं. भिंगरीनं परवा पुरलं, मी शेजारी काठी रोवून खूण केली. पण हे कशासाठी, असं विचारलं तर तो म्हणाला, “वरून सांगितलेलं नाही.” वर म्हणजे तूच ना? मग सांग बघू.

तुझा
मामा

२४ जानेवारी

प्रिय मामा,

वर म्हणजे मीच. ते माहितीपत्रकही मीच लिहिलंय आणि कापड कशासाठी ते त्यात मुद्दाम लिहिलेलं नाही. परीक्षेआधी प्रश्नपत्रिका फोडायची नाही, हे मला कुणी शिकवलं? लोक हुशार असतात. आम्हाला काय हवंय ते कळलं की तसंच कापड आणून देतील. म्हणून बाराही जणांना अंधारात ठेवलंय, आणि मामा असलास तरी तूही त्यातच.

एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. या बारांतलं जे शेत पहिलं येईल ते पुढच्या वर्षीपासून शिकण्याचं शेत होणार. आसपासचे शेतकरी तिथं येतील, आणि जो प्रत्यक्ष राबतो तोच त्यांना शिकवणार. कागदोपत्री मालक नाही, ऐकतोयस ना? खात्याच्या कागदात त्या माणसाला ‘शेतशिक्षक’ असं पद दिलंय. उलट शेवटची तीन शेतं योजनेतून बाहेर. मग ना बियाणं, ना सल्ला, ना कुणी विचारायला येणार. आमचे साहेब म्हणतात, शेतकरी शेतकऱ्याचंच ऐकतो, आपण नुसती भिंतीवर पोस्टरं लावतो. साहेब क्वचित बरोबर असतात, त्यातलं हे एक.

भिंगरीला सांग. ती पहिली आली तर टाळ्या वाजवायला मी रजा टाकून येईन.

आईला तुझा तो आवाज वाचून दाखवला. ती म्हणाली, “दादाला कुदळीचा आवाज आठवतो, माझं नेलेलं गोष्टींचं पुस्तक तेवढं आठवत नाही.”

तुझी
खारूताई

१८ मार्च

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

भिंगरीला सांगितलं. डोक्यावर पाल्याची टोपली तशीच ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. “मी शिकवणार? गुरुजी, सातवीत तुम्हीच मला दोनदा बसवलंत.” मी म्हटलं, “म्हणूनच तुला दुप्पट आलं पाहिजे.” त्या दिवसापासून ती रानात चालताना स्वतःशी बोलते. परवा बांधाआडून ऐकलं, “हे बघा मंडळी, पाला असा दाबायचा नाही, खालच्यांचा श्वास कोंडतो. हलक्या हातानं.” समोर मंडळी म्हणजे दोन बगळे. पण बोलण्याची ढब अशी, की मीही उभा राहून ऐकलं. एकतीस वर्षं शिकवलं मी, पण माझ्या वर्गात कुणाचा श्वास कोंडतोय का, असा विचार कधी मनात आला नव्हता.

साठ दिवस भरले तेव्हा ती इथं नव्हती. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन म्हणून शहरात गेली होती. कापड मीच काढलं आणि जमा केलं. स्वच्छ, घडी घालून. पोचपावती घेतली. तुला माहीत आहे, शाळेची साठा नोंदवही कायम माझ्याकडे असे. एकदाच, फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी कंपास मोजणीत सापडला नाही, तेव्हा तपासनीसांनी लाल शाईत शेरा मारला होता: ‘निष्काळजी’. अजून कधी कधी डोळे मिटले की तो शब्द दिसतो. सरकारची वस्तू जशी घेतली तशी परत करावी, एवढंच मला कळतं.

बाकी सर्व ठीक. कंबरेत जरा लचक भरली आहे. खणण्याचं वय राहिलं नाही. गहू वाऱ्यावर डोलतो तेव्हा चौथीच्या वर्गानं एका सुरात कविता म्हणावी तसं वाटतं, शेवटच्या रांगेतला एखादा उशिरा हलतो.

तुझा
मामा

६ एप्रिल

प्रिय मामा,

हे पत्र लिहायला मी तीनदा बसले. यादी गावात लागायच्या आधी तुला माझ्याकडून कळलेलं बरं.

आता सांगायला हरकत नाही. सुती कापड हे मातीतल्या जिवांचं खाणं असतं. गांडुळं, बुरशी, डोळ्यांना न दिसणारे लाखो जीव त्यावर तुटून पडतात. माती जितकी जिवंत तितकं कापड कमी उरतं. चांगल्या रानातून चिंध्या येतात, नुसती जाळी येते. वर्षानुवर्षं विष पाजलेल्या रानातून जवळजवळ अख्खं कापड येतं.

तुमचं अख्खं आलं, मामा. क्रमांक सात बारावा आला.

मला हे पटत नाहीये. तुमच्या रानाचे तीन वर्षांचे गांडुळांचे आकडे माझ्यासमोर आहेत, दरवर्षी वाढत गेलेत. आणि या कापडावर मातीचा डागसुद्धा नाही. उलट डांबरगोळ्यांचा वास येतोय. कापड नक्की पुरलं होतं ना? तेच काढलंस ना?

भिंगरीला काय सांगायचं ते मला सुचत नाही. तुला सुचेल.

तुझी
खारूताई

१५ एप्रिल

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

हवा छान आहे. सकाळी धुकं असतं, नऊला विरतं. आपल्या कुंपणापाशी सुतार पक्ष्याच्या जोडीनं घर केलंय. दिवसभर ठकठक चालते, जणू शेजारी नवं कपाट करायला घेतलंय.

यादी लागली. औषधवाल्यानं चष्मा लावून ती मोठ्यानं वाचली, वर्गात हजेरी घेतात तशी. क्रमांक सातपुढं लिहिलं होतं, ‘जमिनीची अवस्था: निर्जीव’. भिंगरी गर्दीच्या मागं उभी होती. तो तिला म्हणाला, “अगं, एवढ्या गाद्या घातल्यास, पण रोगी आधीच गेलेला होता की!” लोक हसले. वाईट लोक नाहीत, हसू आलं म्हणून हसले. मीही तिथंच होतो. मान खाली घालून मागं सरलो.

मागून रानात गेलो. ती बांधावर बसून विळ्याच्या टोकानं नखांतली माती काढत होती. इतकी वर्षं ती नखं मी कधी स्वच्छ पाहिली नव्हती. मला म्हणाली, “गुरुजी, तीन वर्षं मी मेलेल्याला पांघरूण घालत होते होय?” मी म्हटलं, “अगं, सरकारी तपासणीत चुका होतात.” त्यावर ती म्हणाली, “सरकारची चूक म्हणणं सोपं असतं. मला वाटायचं, माझ्या हाताला कळतं. हाताला काही कळत नव्हतं.”

एक जुनी कविता मनात घोळते आहे, पाचवीच्या पुस्तकातली. पेरणाऱ्याला आभाळ विचारतं, तुझ्या मुठीत काय आहे? आणि पेरणारा मूठ उघडत नाही. मी दरवर्षी शिकवायचो आणि दरवर्षी शेवटच्या कडव्याला माझा आवाज जड व्हायचा. मुलं वाटच बघायची, गुरुजी आज रडतात की नाही म्हणून. ओळी आता आठवत नाहीत. मूठ तेवढी आठवते.

तुझ्या आईला म्हणावं, पुस्तक सापडलं. पाठवतो.

तुझा
मामा

२३ एप्रिल

मामा,

तू चार पानं लिहिलीस. सुतार पक्षी आला, धुकं आलं, कविता आली. माझा प्रश्न एका ओळीचा होता, त्याचं उत्तर तेवढं आलं नाही.

काल ते कापड मी पुन्हा खिडकीपाशी नेऊन बघितलं. आमच्या कापडाला कुठंच शिवण नसते. याची एक कड दुमडून शिवलेली आहे. बारीक तिरपे टाके आणि दर पाचव्या टाक्याला एक गाठ. असे टाके जगात एकच बाई घालायची, आणि तिनं शिवलेले तीन फ्रॉक मी फाटेपर्यंत वापरलेत. मामीच्या उशीचा अभ्रा आहे ना हा?

अजून कुणाला दाखवलेलं नाही. पण ते माझ्या टेबलावर आहे आणि टेबल सरकारचं आहे. आज मी भाची म्हणून विचारतेय. पुढच्या आठवड्यात अधिकारी म्हणून विचारावं लागेल. त्याआधी तुझ्या तोंडून ऐकायचंय.

खारूताई

२ मे

चि. खारूताईस,

होय. अभ्रा तिचाच.

त्या दिवशी काठीच्या खुणेशी खणलं. काही नाही. वाटलं, काठी कुणीतरी हलवली. मग हातभर इकडं, हातभर तिकडं, असे अकरा खड्डे केले. कापडाचा धागासुद्धा नाही. मातीत हात घातला की गांडुळंच गांडुळं, बोटांना गुदगुल्या व्हायच्या. मी त्यांना बाजूला सारत राहिलो. चक्क बोललो त्यांच्याशी, “सरा रे बाबांनो, मला माझं कापड शोधू द्या.” आता विचार कर, कुणाला विचारत होतो मी!

डोळ्यांपुढं एकच गोष्ट. सरकारची वस्तू, माझी सही, आणि वस्तू नाही. घरी आलो, ट्रंक उघडली, तिचा एक अभ्रा शिल्लक होता. मापाचा चौकोन कापला, शाईनं सात काढला. कात्री चालवताना वाईट वाटलं ते तिच्यासाठी, खोटेपणासाठी नाही. खोटं करतोय असं वाटलंच नाही. हरवलेल्या वस्तूची भरपाई करतोय, असं वाटलं.

तुझं निकालाचं पत्र आलं तेव्हा कळलं काय केलंय ते. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण ज्या पोरीला चौथीत नक्कल केली म्हणून मी दिवसभर वर्गाबाहेर उभं केलं होतं, तिला कसं सांगू, की या वेळी नक्कल मी केली? रोज ठरवून तिच्याकडे जायचो आणि हवेबद्दल बोलून परत यायचो.

आता उशीर झाला. परवा ती गेली. तिचा भाऊ दूर खोऱ्यात प्लॅस्टिकच्या छपराखाली फुलं करतो. तिथं माती नाहीच, पिशव्यांत भुसा आणि नळीनं थेंब थेंब औषध. ड्रायव्हर कधीपासून तिच्यामागं लागला होता, तिकडं जाऊ म्हणून. सामान त्याच्याच गाडीत चढलं. मला म्हणाला, “गुरुजी, रागवू नका, पण बरंच झालं. तिकडं निदान काय मेलं, काय जगलं ते डोळ्यांना दिसतं.” निघताना भिंगरी वाकून माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. कळतंय का तुला? मी तो नमस्कार घेतला.

अधिकारी म्हणून जे लिहायचं ते लिही. माझं नाव घाल. लाल शाईत लिहिलंस तरी चालेल.

मामा

१० मे

प्रिय मामा,

पत्र वाचून आधी हसले, मग रडले, मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पाणी आणून दिलं.

वेडा आहेस तू. अकरा खड्ड्यांत धागा नाही? बारा शेतांत जे पहिलं आलं, त्याच्या कापडाची मूठभर जाळी उरली होती. तुमच्या रानानं जाळीसुद्धा ठेवली नाही! काहीच उरणार नाही, असं इथं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. माझ्या पत्रकात ‘कापड न सापडल्यास’ अशी ओळच नाही. मी लबाड लोकांचा विचार करून पत्रक लिहिलं, आणि जाळ्यात सापडला कोण, तर खडूचे तुकडे मोजून कपाटात ठेवणारा माणूस. कुणाचा श्वास कोंडेल याचा विचार मीही केला नाही. निम्मी चूक माझी, आणि ती मी लेखी दिली आहे.

साहेबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ पेनाचं टोपण काढघाल करत होते. मग म्हणाले, “तुमच्या मामांचं काय करायचं?” मी म्हटलं, “त्यांनी स्वतःला आधीच कोपऱ्यात उभं केलंय.” मग मात्र ते कामाचं बोलले. अकरा खड्डे कुणी पाहिले नाहीत, तेव्हा तुझ्या शब्दावर निकाल बदलता येणार नाही. नव्यानं कापड पुरायचं, नव्यानं साठ दिवस. फाईल माझ्याकडून काढून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे दिली. नातं आहे म्हणून मी तिकडं फिरकायचंही नाही. आणि अट अशी, की शेतात राबणाऱ्या व्यक्तीनंच स्वतःच्या हातानं कापड पुरायचं, एकतीस मेच्या आत. नाहीतर क्रमांक सात कायमचा खोडला जाईल.

कापड सोबत पाठवतेय. या वेळी त्यात निळा धागा विणलेला आहे, तेव्हा ट्रंक उघडू नकोस.

भिंगरीकडे तू स्वतः जा. पत्र पाठवू नकोस. तू पत्रात फार सुंदर लिहितोस आणि मुद्दा राहून जातो.

तुझी
खारूताई

२९ मे

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं ऐकलं. दोन बस बदलून गेलो. प्लॅस्टिकच्या छपराखाली पांढरा उजेड असतो, इस्पितळात असतो तसा. लांबच लांब रांगांत एकाच उंचीची फुलं, जणू सगळ्यांना एकाच वर्गात बसवलंय आणि हलायची बंदी आहे. भिंगरी हातमोजे घालून देठं कापत होती. तिचा भाऊ शेजारच्या रांगेत. तिला हातमोज्यांत पाहिलं आणि वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं विसरलो. सरळ सांगितलं. कापड सापडलं नाही, मी दुसरं दिलं, तू नापास झालीस ती माझ्यामुळं.

कात्री थांबली. तिनं विचारलं, “खड्ड्यांत गांडुळं होती?”

“होती.”

“किती?”

“मोजली नाहीत गं.”

“सगळं आयुष्य मोजण्यात गेलं तुमचं, आणि नेमकी तीच मोजली नाहीत!” असं म्हणून तिनं तोंड फिरवलं. दोन देठं कापली. मग म्हणाली, “मी परत आल्यावर एकदा विचारलं असतंत, भिंगरे, कापड कुठं गेलं, तर मी सांगितलं असतं, मातीनं खाल्लं. त्यात काय? माझी जुनी ओढणी बांधावर पडली होती, तीही खाल्ली होती. पण तुम्ही मला विचारलं नाहीत गुरुजी. ट्रंकेला विचारलंत.”

मी म्हटलं, “चल परत. दिवस आहेत अजून.”

“दीड महिना मी माझ्याच हातांकडे बघत बसलेय, यांना काही कळत नाही म्हणून. आता नाही यायची मी. आणि निघताना केलेला माझा नमस्कार तेवढा परत द्या.”

मग मी वाकलो. कंबर वाकत नाही, पण वाकलो. तिचा भाऊ हातात फुलांचा गठ्ठा धरून तसाच उभा राहिला. मान वर केली तर ती रांगेच्या टोकाला पोचली होती, आणि पुन्हा वळून आली नाही.

परत आल्यावर एकच गोष्ट हातात होती, ती केली. ग्रामपंचायतीच्या कार्यालयाबाहेर सूचनांचा फळा आहे. घरून खडू नेला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘क्रमांक सातचं कापड मी बदललं. खरं कापड मातीनं पूर्ण खाल्लं होतं. माती जिवंत आहे, ती भिंगरीनं जिवंत केली. खोटं मी केलं.’ खाली सही. लोक जमले. औषधवाल्यानं चष्मा लावून दोनदा वाचलं, या वेळी मनातल्या मनात. मला वाटलं, आता टोमणा येतो. तर म्हणाला, “गुरुजी, काहीच उरलं नव्हतं? धागापण नाही?” मी नाही म्हटलं. चष्मा पुसत उभा राहिला. मग माझ्या घरापर्यंत सोबत आला.

याला आठ दिवस झाले. परवा एकतीस तारीख. कापड टेबलावर आहे, मी त्याला बोटसुद्धा लावलेलं नाही, तुझ्या पाकिटातच आहे. काल एकदा वाटलं, आपणच पुरावं, कुणाला कळणार आहे? आणि मग स्वतःचीच इतकी लाज वाटली की अंगणात जाऊन बसलो. क्रमांक सात खोडला गेला तरी चालेल, पण आणखी एकदा तिच्या हाताच्या जागी माझा हात नको. तुमच्या नव्या अधिकाऱ्यानं कळवलं होतं, आज येऊन खात्री करून जातो म्हणून. त्याला काय सांगायचं तेच ठरवत…

दार वाजलं. तो अधिकारीच असणार. थांब, बघून येतो.

अधिकारी नाही, खारूताई. ड्रायव्हर आहे! बाहेर गाडी उभी, मागं त्यांनी नेलेलं तेच सामान, वर गादी, दोरीनं बांधलेली. फळ्याचा फोटो कुणीतरी त्याच्या फोनवर धाडला होता, तो त्यानं तिला दाखवला, म्हणतो. नंतर आठ दिवस घरात कुणाला धड जेवू दिलं नाही तिनं, म्हणतो. आत ये म्हटलं तर येत नाही, उंबऱ्याबाहेरच उभा आहे. ती कुठं आहे विचारलं, तर हनुवटीनं खाली रानाकडे दाखवलं. चेहरा असा, की हसू दाबतोय की राग, मला सांगता यायचं नाही.

म्हणतोय, “कापड द्या, गुरुजी. आणि ती म्हणाली, गुरुजींनी घरातच थांबायचं. कुणाला पत्रबित्र लिहीत असतील तर लिहू दे, पण ती हाक मारेपर्यंत रानात पाऊल टाकायचं नाही.”